आकडे पुसलेली पिचकारी

मित्रांनो, माझं नाव ऐकून तुमच्यापैकी बरेच जण हात मागे घेतील. मी एक जुनी सिरिंज आहे. माझ्या तोंडाला सुई नाही आणि जन्मात मी कोणाला टोचलेलं नाही. तरीही एका दुपारी माझ्यामुळे एका लेकराचा जीव धोक्यात आला होता. ते आठवलं की आजही माझा दट्ट्या आतल्या आत आवळतो.

मी जन्मले तेव्हा काचेसारखी स्वच्छ होते. अंगावर एक ते दहापर्यंत काळे ठळक आकडे, दट्ट्याच्या टोकाला काळं रबर. चार बहिणींबरोबर एका पाकिटातून मी मिशिगनमधल्या नोव्हाय गावी आले. मला मागवणारा रवी मोटारींच्या ब्रेकचं काम करणारा इंजिनियर. मूळचा नागपूरचा. बारा वर्षांची सिगारेट सुटावी म्हणून त्याने वाफेची सिगारेट धरली होती आणि तिचं लिक्विड तो घरीच गॅरेजमध्ये तयार करायचा. त्यात निकोटीन मोजून घालणं हे माझं काम.

हे निकोटीन दिसायला पाण्यासारखं, पण कडक विष. थेंबभर कातडीवर राहिलं तरी त्रास देणारं. रवीला ते ठाऊक होतं. तो हातमोजे घालायचा. काम झालं की माझा दट्ट्या पूर्ण बाहेर काढायचा, नळी वेगळी आणि दट्ट्या वेगळा साबणाच्या कोमट पाण्यात धुवायचा, वाहत्या पाण्याखाली पुन्हा पुन्हा खळबळायचा आणि कागदावर सुकत ठेवायचा. त्यासाठी गॅरेजच्या बेसिनमध्ये एक निळं भांडं ठेवलेलं होतं. "यार, बघ, एक थेंब इकडचा तिकडे नाही," असं तो त्याच्या बायकोला, दीक्षाला, कौतुकाने सांगायचा.

"चांगलंय. फक्त किचनमध्ये आणू नकोस तिला," दीक्षा म्हणायची.

ते बरे दिवस होते, मित्रांनो.

मग सहा महिन्यांसाठी रवीची आई आली. जाईबाई. आयुष्यभर दुसऱ्यांच्या शेतात राबलेली आणि बावन्नाव्या वर्षी साक्षरतेच्या वर्गात बसून अक्षरं शिकलेली बाई. आल्या दिवसापासून गॅरेज तिचं झालं. तांदळाची पोती तिथे, जादा फ्रीज तिथे, चपला तिथे, बेसिनमध्ये तिचे भिजवलेले कपडे. पोरगा धूर ओढतो हे आईला कळू नये म्हणून रवीने माझं निळं भांडं कपाटामागे दडवलं. आई आंघोळीला गेली की तो मला चोरून किचनच्या सिंकमध्ये आणायचा, दोनदा पाणी ओढून सोडायचा आणि खिशात घालायचा. दट्ट्या बाहेर काढायला त्याला वेळ नसायचा. माझ्या रबराला दोन कडा आहेत. त्या दोन कडांच्या मधे आणि चोचीत उरलेलं निकोटीन तसंच राहायचं. बाहेरून मी चकचकीत दिसत होते. आत काय आहे ते एकट्या मला माहीत होतं, आणि मला बोलता येत नव्हतं.

त्या दिवशी दीक्षा ऑफिसला गेली होती. त्यांची पाच वर्षांची केया ताप आला म्हणून शाळेतून लवकर घरी आली होती. रवी घरूनच काम करत होता. तो मला एकदाच खळबळतो न खळबळतो तोच वरच्या मजल्यावरून त्याच्या मीटिंगची घंटी वाजली. मला सिंकजवळ टाकून तो धावत वर गेला.

जाईबाई भांडी घासायला आली. घरात डिशवॉशर होता, पण तिचा त्याच्यावर विश्वास नव्हता. ती सगळी भांडी हाताने घासून डिशवॉशरच्या जाळीत निथळत ठेवायची. तिने मला नळाखाली धरलं आणि जाळीत ठेवलं. कुठे? केयाला औषध पाजायच्या सिरिंजच्या अगदी शेजारी. आम्ही दोघी जुळ्या दिसत होतो. तिच्या अंगावरचे आकडे शाबूत होते, माझे धुऊन धुऊन पुसले होते, एवढाच फरक.

तासाभराने केयाला पुन्हा ताप चढला. जाईबाई जाळीशी आली. तिचा हात पुढे झाला. शेजारणीला उचल, माय, शेजारणीला! मी मनातल्या मनात ओरडत होते. तिने मला उचललं.

लाल गोड औषध माझ्यात चढलं आणि रबराच्या कडांमधलं विष त्यात उतरू लागलं.

"आजी, आय डोन्ट वाँट इट. इट्स यकी."

"नाही वं माय, गोड आहे. हे बघ, आधी मी खाते."

जाईबाईची ही जुनी सवय. लेकराला काहीही द्यायचं तर आधी स्वतःच्या जिभेवर. तिने दोन थेंब जिभेवर सोडले. केयाने तोंड उघडलं होतं. माझी चोच तिच्या ओठांपासून वीतभर दूर होती.

जाईबाईचा हात थांबला. जिभेला मिरची लागावी तशी आग झाली. तिने मला सिंकमध्ये फेकलं, थुंकली, आणि घर दणाणेल अशी हाक मारली, "रवी! हे औषध नाही!"

रवी जिना उतरून आला. मला पाहिलं आणि त्याचा चेहरा पांढरा पडला. "केयाला दिलंस? आई, केयाला दिलंस?"

"नाही. मीच चाखलं."

त्याने आईला चुळा भरायला लावल्या आणि विषबाधेच्या मदतीचा फोन लावला. पलीकडची बाई शांतपणे विचारत होती, किती थेंब, किती वेळ झाला, वय किती. आईला मळमळलं, गरगरलं. सांगितल्याप्रमाणे दोन तास तो तिचा हात धरून बसला. हळूहळू तिला बरं वाटू लागलं. मग तिने विचारलं आणि त्याने सगळं सांगितलं.

"सिगारेट लपवलीस, समजू शकते," ती म्हणाली. "पण विष काहून लपवलंस? अरे, फवारणीच्या बाटलीवर काय लिहिलंय ते वाचता यावं म्हणून मी म्हातारपणी पाटी धरली. आणि तू एवढा शिकून बिननावाचं विष माझ्या भांड्यांत ठेवलंस?"

रवी उठला. गॅरेजमध्ये जाऊन त्याने कपाटामागचं निळं भांडं बाहेर काढलं.

आता निळं भांडं पुन्हा बेसिनमध्ये आहे. बाटल्या कुलपाच्या पेटीत आहेत. माझ्या बहिणी हातमोजे घातलेल्या हातांनी, दट्ट्या बाहेर काढून धुतल्या जातात आणि गॅरेजबाहेर जात नाहीत. माझं रबर कडक झालंय, म्हणून मी निवृत्त. घातक कचरा गोळा करण्याच्या दिवसाची वाट पाहत त्याच पेटीत एका बंद पिशवीत पडून आहे. पिशवीवर जाईबाईने मोठी, वाकडी दोन अक्षरं लिहिली आहेत.

मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखं कोणी असेल. आम्हाला धुवा, नीट उघडून धुवा. आमची जागा वेगळी ठेवा, आमच्यावर नाव लिहा. आणि लाजेपोटी आम्हाला लपवू नका. आम्हाला ओरडता येत नाही.

काल पेटीला कुलूप घालण्याआधी जाईबाईने केयाला जवळ बसवलं आणि तिचं बोट पिशवीवरच्या अक्षरांवरून फिरवलं.

"वि... ष," केयाने आजीमागून म्हटलं. "आजी, व्हॉट डज इट मीन?"

आजीने सांगितलं. केयाने माझ्याकडे पाहिलं आणि दोन्ही हात पाठीमागे नेले. माझ्या सगळ्या आयुष्यात मला मिळालेली तीच सर्वांत मोठी शाबासकी.