दिवेलागणीचा घास

राजमतीनं एकदा मनावर घेतलं की आप्पाण्णा वादात पडत नसे. पंचवीस वर्षांच्या संसारात नवऱ्याला तेवढं शहाणपण आलं होतं. तरी निपाणीहून सदलग्याला परतताना, बैलगाडीत पोत्यावर निजलेलं ते म्हातारं कुत्रं बघून त्याच्या तोंडून गेलंच, "पावण्याकडनं लोक गुळाची ढेप आणत्यात. आमी काय आणलं बघा!"

कुत्र्याचं नाव पैलवान. अंगावर नुसत्या बरगड्या, आणि म्हणे पैलवान! राजमतीचा चुलतभाऊ पद्मराज, त्याच्या तंबाखूच्या वखारीवर ते राखणीला होतं. त्याला सांभाळणारा म्हातारा राखणदार वारला, आणि मग ज्याला त्याला वाटलं, दुसरं कुणीतरी बघत असेल. साखळीनं मान सोलून निघाली होती. पद्मराज धर्माचा पक्का. पायाखाली मुंगी येऊ नये म्हणून खाली बघून चालायचा. कुत्रं तेवढं त्याला दिसलं नव्हतं.

"पद्मा, साखळी सोड. मी नेते ह्याला," राजमती म्हणाली होती.

"आक्का, किती दिवसांचं सोबती हाय ते?"

"असंल तेवढ्या दिवसांचं. सोड."

घरी आल्यावर तिनं त्याच्या मानेला हळद-तेल लावलं, ताक-भाकरी कुस्करून पुढ्यात ठेवली. पैलवानानं वास घेतला आणि तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशी दूध-भाकरी केली, तिलाही तीच गत. नुसतं पाणी पिऊन ते पडून राहायचं.

"म्हातारपणी अन्न सोडलंय. सल्लेखना घेतली असंल त्यानं," आप्पाण्णा म्हणाला.

राजमतीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "सल्लेखना आपल्या मर्जीनं घेत्यात. ह्याला उपाशी ठेवलंय माणसांनी. माझ्या दारात मी हे असं मरू देणार न्हाय."

ती तडक निपाणीला गेली. वखारीत तंबाखू निवडणाऱ्या बायकांना विचारलं, तेव्हा उलगडा झाला. राखणदार दिवेलागणीला पायरीवर भाकरी सोडून बसायचा. आधी एक घास आपण, मग एक घास कुत्र्याला. म्हातारा जेवत नसला तर कुत्रंही तोंड लावायचं नाही. तो गेल्यावर बायका दिवसा तुकडे टाकायच्या. अगदीच पोटात आग पडली तर त्यातला एखादा ते गिळायचं, बाकीचे कावळे न्यायचे.

आता आली का पंचाईत! राजमतीच्या घरात दिवस मावळायच्या आत चूल विझायची. सूर्यास्तानंतर अन्न नाही, असा जैन घरातला नेम. तो तिनं लग्नापासून आजारपणातसुद्धा मोडला नव्हता. तिनं भरदुपारी पैलवानासमोर बसून जेवून बघितलं, तर ते खुशाल झोपलं. दिवेलागणीला रिकामंच तोंड हलवून बघितलं. पैलवानानं क्षणभर तिच्याकडं निरखून पाहिलं आणि मान खाली टाकली. कुत्रं म्हातारं होतं, खुळं नव्हतं.

"नेम मोडतीस काय आता?" आप्पाण्णानं विचारलं. या वेळी त्याच्या आवाजात थट्टा नव्हती.

"नेम मोडायचा न्हाय आणि कुत्रंबी जाऊ द्यायचं न्हाय."

"मग?"

"दिवेलागणीला जेवणारं घर बघायचं त्याला."

म्हणायला म्हणाली, पण तिला चार दिवसांत त्या जिवाचा लळा लागला होता. दुसऱ्या दिवशी ती दारोदार फिरली. लोक हसले. "राखण तरी करतंय का, आक्का?" असं विचारून एकेकानं वाटेला लावलं. पण हसणाऱ्यांकडं बघत बसायला तिला सवड नव्हती. शेवटी तिला बायाक्का आठवली.

बायाक्का तिच्याच रानात भांगलणीला यायची. नवरा गेल्या पावसाळ्यात वारला, पोरबाळ नव्हतं. सकाळी कामावर यायची ती चेहरा उतरलेलीच. संध्याकाळी राजमती पैलवानाला घेऊन तिच्या खोपटात गेली आणि सगळं सांगितलं.

"लागंल तेवढं जोंधळं मी धाडते," ती म्हणाली.

"जोंधळ्याचं न्हाय ओ, आक्का." बायाक्का खाली बघत बोलली. "कारभारी गेल्यापासनं सांजंला चूलच पेटवत न्हाय मी. एकलीसाठी कोण जाळ करतंय? पाणी पिऊन पडते."

रोज डोळ्यांसमोर राबणारी बाई उपाशी झोपते, हे राजमतीलाही कळलं नव्हतं. पद्मराजाला नावं ठेवणारी जीभ जड झाली. पण ती उठली नाही.

"आज पेटव," ती म्हणाली.

बायाक्कानं चूल पेटवली, दोन भाकरी थापल्या, दिवा लावला. तुकडा मोडून कुत्र्यापुढं ठेवला. ते हललं नाही.

"आधी तू."

"माझ्या घशाखाली उतरत न्हाय, आक्का."

"तू खाल्ल्याबिगर ते खाणार न्हाय. मला खाता येत असतं तर तुझ्या दारात आले नसते."

बायाक्कानं घास तोंडात घातला. चावताना तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. तो घास गिळेपर्यंत पैलवान लटपटत्या पायांवर उठलं, तिच्या गुडघ्याशी आलं आणि तिच्या हातातला तुकडा त्यानं अलगद घेतला. मग एक घास तिला, एक त्याला.

एक भाकरी संपली. बायाक्कानं हात आवरला, तसं कुत्रंही थांबलं आणि तिच्या तोंडाकडं बघत राहिलं.

"खा गं," राजमती म्हणाली.

बायाक्कानं दुसरी भाकरी मोडली.