पाळीचा तुकडा

सासऱ्यांना न्यायाची फार हौस. घरामागे जमिनीचे तीन तुकडे होते आणि मुलंही तीनच, तेव्हा सरळ वाटून मोकळं व्हावं की नाही? पण एकाला चांगला आणि दुसऱ्याला वाईट तुकडा गेला तर भांडणं होतील, म्हणून त्यांनी ठरवून दिलं, की दर दोन वर्षांनी तुकडे तिन्ही सुनांमध्ये फिरवायचे. धाकटीचा मधलीकडे, मधलीचा थोरलीकडे, थोरलीचा धाकटीकडे. एवढं करून ते समाधानानं गेले.

भांडणं झाली नाहीत, हे खरं. पण तिन्ही तुकड्यांत कुणी पाटीभर खतही टाकलं नाही. पुढच्या जावेच्या घेवड्यासाठी कोण पाठ मोडून घेणार? जो तो निघेल तेवढं ओरबाडून पुढं ढकलायचा.

कुंपणाकडचा तुकडा मधलीकडे आला तेव्हा त्यात कुदळ टाकली तर टणकन परत यायची. ती दिवसभर कारखान्यात बाह्या शिवायची, संध्याकाळी घरी उरलेलं सगळं. खोदायचं त्राण कुठून आणणार? बियाणंवाल्याला तिनं तसं सांगितलं.

"ताग पेरा," तो म्हणाला. "मुळं खोदतील. तुम्ही बसा."

'बसा' असं तिला बऱ्याच वर्षांत कुणी म्हटलं नव्हतं. तिनं ताग घेतला.

बसणं काही झालं नाही. ताग खांद्याला लागला आणि कळ्या दिसू लागल्या, तशी ती विळा घेऊन उतरली. थोरली कुंपणापाशी आली.

"अगं, कापतेस काय? शेंगा येऊ देत की!"

"शेंगांसाठी नाही लावला, जाऊबाई. कळ्या उमलायच्या आत, कोवळा आहे तोवर कापून गाडायचा. कुजला की त्यावर घेवडा."

"वाढवायचा आणि गाडायचा? तुला कामं कमी पडतात का गं?"

मधलीच्या नवऱ्यालाही तेच वाटत होतं, पण तो बसचा ड्रायव्हर, चालू गाडीत बोलायचं नाही ही त्याची सवय. त्यानं मुकाट्यानं ताग मातीआड केला.

पुढच्या घेवड्यानं मात्र कमाल केली. माती मुठीत घेतली की भुसभुशीत सुटायची, आणि शेंगा तोडून तोडून मधलीची कंबर गेली. थोरलीनं दोनदा भाजीपुरत्या नेल्या, तिसऱ्यांदा पिशवीच आणली.

मग तुकडे फिरवायची पाळी आली. मधलीनं थोरलीच्या स्वयंपाकघरात जाऊन विषय काढला. "हा तुकडा माझ्याकडेच राहू द्या. जीव ओतलाय त्यात."

"मला का कळत नाही? पण मामंजींचा नियम आहे ना!" थोरली हळहळली. "आणि तुला विहिरीकडचा येतोय की. धाकटीनं त्याचा पार दगड केलाय म्हणा. पण तुझ्या हाताला गुण आहे. करशील तू."



मधलीला भांडायचंही त्राण नव्हतं. ती एवढंच म्हणाली, "ताग पेरीन. पण तो तुकडाही माझ्यानंतर तुमच्याकडेच येणार, तर कापायला तुम्ही यायचं. नाहीतर मीही नुसता ओरबाडीन."

थोरलीनं शेंगा चाखलेल्या होत्या. आली.

विहिरीकडचा ताग दोघींच्या खांद्यांच्याही वर गेला होता. चार ओळी कापून होतात न होतात तोच थोरली कापलेल्या ढिगावर बसली. घाम पुसता पुसता तिच्या काहीतरी ध्यानात आलं.

"माझ्यानंतर धाकटी ना?"

"धाकटी."

"म्हणजे मी इथं मरायचं, दोन वर्षं घेवडा खायचा आणि मग सगळं आयतं तिच्या घशात?"

"नियम आहे ना."

"कसला मेला नियम!" थोरली उठून उभी राहिली. "ज्याच्याकडे आज जो तुकडा आहे, तो त्याचा. कायमचा. मी आजच सगळ्यांना सांगते. मामंजी असते तर त्यांनाही पटलं असतं."

मधलीनं बघितलं. आपण तयार केलेला तुकडा थोरलीचा झाला, आपल्याला दगड. पण हा दगड आता कुणी फिरवणार नव्हतं.

"चालेल," ती म्हणाली.

"मग झालं तर." थोरलीनं विळा तिच्या हातात दिला. "हा तुझाच म्हटल्यावर मी कशाला कापू? उरलेला तू बघ."

ती गेली. मधली थोडा वेळ ढिगावर बसली. मग उठली. कळ्या उमलायला लागल्या होत्या.