सौदामिनीबाईंची अट

वैताग तरी किती असावा माणसाला! शाहीन सकाळपासून भोरच्या आपल्या कॉम्प्युटर क्लासात बसून लिनक्स या मोकळ्या सॉफ्टवेअरची माहितीपुस्तकं निवडत होती, तांदळातले खडे निवडावेत तशी. गावोगाव पाठवायच्या सीडीवर घालायची ती वेगळी, वगळायची ती वेगळी. सॉफ्टवेअर मोकळं, पण त्याच्या पुस्तकांची तऱ्हा प्रत्येकाची निराळी! एक म्हणे छापा, पण शब्द बदलू नका. दुसरं म्हणे बदला, पण माझी प्रस्तावना तशीच ठेवा. काहींवर तर काहीच लिहिलेलं नाही, म्हणजे परवानगीच नाही. "अरे, द्यायचंय तर नीट द्या ना एकदाचं!" ती मॉनिटरवरच खेकसली.

सीडी बनवणाऱ्या पुण्याच्या मंडळींचा नियम साधा होता. कुणालाही वाटता, बदलता आणि विकताही येईल, तेवढंच घ्यायचं. वेल्ह्यातला एक दुकानदार सीडीच्या प्रती काढून विकणार होता. नाहीतर त्या डोंगरातल्या गावांत त्या पोचणार कशा?

आणि नेमकं एकुलतं एक मराठी पुस्तक परवानगीविना पडलेलं. ते लिहिलं होतं सौदामिनीबाईंनी. शाहीनला शाळेत शिकवलेल्या या बाई निवृत्तीनंतर तिच्याकडेच कॉम्प्युटर शिकल्या होत्या. ते पुस्तक नसेल तर वेल्ह्यातल्या पोरींनी इंग्रजी पुस्तकं काय चाटायची?

तिने बाईंना बोलावून घेतलं. "बाई, एवढी परवानगी लिहून द्या."

"लिहून?" बाईंचा पारा चढला. "तुझ्या हातात दिलं ना मी? आता माझ्याकडून कागद करून घेणार?"

"मी नाही हो, नियमच तसा आहे."

"सरक." बाईंनी खुर्ची ओढली आणि टाइप केलं: वाटा, बदला, मात्र कुणीही विकू नये.

शाहीनने कपाळावर हात मारला. "बाई! असं लिहिलंत की तुमचं पुस्तक बाहेर!"

"का? फुकट द्या म्हटलं, त्यात वाईट काय?"

"वाईट काही नाही हो! पण तो दुकानदार…"

"दुकानदाराचं नाव काढू नकोस माझ्यापुढे." बाई म्हणाल्या. "माझ्या व्याकरणाच्या नोट्स एकाने माझं नाव पुसून छापल्या, गावोगाव विकल्या. माझ्याच वर्गातली मुलगी ते पुस्तक घेऊन आली आणि म्हणाली, बाई, हे तुमच्यापेक्षा सोपं आहे."

शाहीनचा राग कुठल्या कुठे गेला. आपण उगाच ओरडलो, असं तिला वाटलं. "नाव पुसायचं नाही, ही अट चालते, बाई. विकायची बंदी तेवढी चालत नाही."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर सीडीवर मराठीचं एक पानसुद्धा नसेल."

बाईंनी खुर्ची पुन्हा पुढे ओढली. "छळवाद आहे नुसता," त्या पुटपुटल्या, आणि एका बोटाने शेवटचे शब्द एकेक अक्षर करून खोडले. "विकू देत मेल्यांना. पण नाव वर घाल, मोठ्या अक्षरात. आणि ते कुणी पुसलं, तर भांडायला तू येशील ना माझ्याबरोबर?"

"येईन, बाई," शाहीन म्हणाली, आणि नाव आणखी ठळक केलं.