पट्ट्याचं पान

शिलाई मशीन दुरुस्तीच्या एका खोलीच्या दुकानाला वेबसाइटची किती पानं लागावीत? लेक म्हणाली होती, चार. पहिलं पान, कामांची यादी, दर आणि संपर्क. ती परगावी वेबसाइट बनवायचंच काम करायची, तेव्हा तिला कळत असणार. पण दुकानाच्या मालकानं, म्हणजे गिऱ्हाइकांच्या मशीनकाकांनी, सात रविवारांत चारांची अकरा करून ठेवली होती.

त्याचं कारण सांगायला त्यांची जीभ रेटत नव्हती. एरवी लेकीचा फोन महिन्यातून एकदा यायचा आणि 'जेवलात का, गोळ्या घेतल्या का' एवढ्यावर उरकायचा. तिचीही चूक नव्हती. नोकरी आणि दोन मुलं सांभाळता सांभाळता तिचा जीव मेटाकुटीला आलेला असायचा. वेबसाइटचं निघालं आणि ती दर रविवारी अकरा वाजता फोन करू लागली, तोही तासतासभर. मशीनकाका साडेदहालाच दाढी करून, काउंटरवरचे सुटे स्क्रू डबीत भरून तयार बसायचे. फोनवर दाढी दिसत नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं.

मग त्यांनी एकेक पान उकरून काढायला सुरुवात केली. मशीनला कुठलं तेल घालावं, याचं एक. सुई का मोडते, याचं एक. जुन्या पायमशीनच्या फोटोंचं वेगळं. लेक लिहून घ्यायची, मध्येच हसायची. बॉबिनच्या पानाच्या वेळी तर तिनंच विषय काढला, "आई बॉबिन भरताना गुणगुणायची ना?" आणि अर्धा तास दोघं आईविषयीच बोलत राहिली. बायको गेल्यापासून मशीनकाका इतकं कुणाशी बोलले नव्हते.

आठव्या रविवारी मात्र लेकीनं कात्री लावली.

"बाबा, अकरा पानं कोण वाचणार? ज्याचं मशीन अडलंय त्याला तुमचा पत्ता हवा, दुकानाची वेळ हवी. मी सगळं पाच पानांत बसवलंय. तेल, सुई, बॉबिन एकाच पानावर घेतलं."

"आणि पट्ट्याचं?"

"पट्ट्याचं काय?"

"चाकावरचा पट्टा सैल का होतो, ते राहिलंच की."

"बाबा, पुरे आता. आजच सुरू करतेय साइट. शेवटचं एक सांगा, चौकशीचा फॉर्म भरला की गिऱ्हाइकाला काय दिसावं?"

मशीनकाकांनी स्क्रूच्या डबीचं झाकण लावलं. मग म्हणाले, "लिही, तुमची चौकशी पोचली. आम्ही स्वतः फोन करू. माणसाला ताटकळत ठेवू नये."

"छान. चौकश्या सध्या माझ्याकडे येतील, मी तुम्हाला कळवत जाईन," म्हणत तिनं फोन ठेवला.

पुढच्या रविवारी अकरा वाजले, साडेअकरा वाजले. दाढी गुळगुळीत होती, डबी भरलेली होती, फोन मात्र मुका. आपणच लावावा असं दोनदा मनात आलं. पण ती कामात असेल, आणि आता बोलायला निमित्त तरी काय, म्हणून त्यांनी हात मागे घेतला. खरं सांगायचं तर त्यांना रडू येत होतं, आणि साठी उलटलेल्या माणसानं वेबसाइट पूर्ण झाली म्हणून रडावं, याची लाजही वाटत होती.

शेवटी त्यांनी मोबाइलवर आपल्याच दुकानाची साइट उघडली. साइट देखणी झाली होती, नाव ठेवायला जागा नव्हती. ते पाचव्या पानावर, संपर्कावर गेले. नावाच्या रकान्यात लिहिलं, 'बाबा'. खाली विचारलं होतं, मशीनला काय झालंय? तो रकाना रिकामा ठेवला तर फॉर्म पुढे जाईना. त्यांनी एका बोटानं टाइप केलं, 'मशीन ठीक आहे. पट्ट्याचं पान नसलं तरी चालेल. तू रविवारी फोन करत जा.'

फॉर्म गेला आणि स्क्रीनवर त्यांचेच शब्द उमटले. तुमची चौकशी पोचली. आम्ही स्वतः फोन करू.

मशीनकाकांनी मोबाइल काउंटरवर समोर ठेवला, आणि तो वाजला तर नीट ऐकू यावा म्हणून उठून पंखा बंद केला.