गावाची वीज आणि आल्टनचा नकार

गावसभेच्या दिवशी ईस्ट हार्लोत दोन गोष्टी कधी चुकत नाहीत: आल्टन व्हिटकोमचं विरुद्ध मत आणि माझं वेळेवर जेवण. यंदा जेवणाला उशीर झाला. तो मी मुद्दाम केला, आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा करीन.

माझं नाव लोरेन. मार्चमधल्या पहिल्या मंगळवारी सगळं गाव शाळेच्या जिममध्ये जमतं. रस्त्यावर टाकायच्या मिठापासून वाचनालयाच्या छपरापर्यंत एकेका ठरावावर पिवळं कार्ड वर करून मत देतं, आणि मध्ये चर्चच्या बायकांच्या हातचं जेवतं. त्या बायकांची मी मुकादम. बीन्स, हॅम, कोबीची कोशिंबीर आणि मेपलचे डोनट. सभेत कोण काय बोललं ते लोक आठवड्याभरात विसरतात, पण डोनट कमी पडले तर वर्षभर ऐकवतात.

यंदाचा एक ठराव जिलचा होता. जिल म्हणजे आल्टनचीच मुलगी. शाळेत गणित शिकवते, आणि गेले दोन हिवाळे गावाच्या वीज समितीचं काम तिच्या डोक्यावर आहे. ठराव साधा होता. घरोघरी प्रत्येकाने कंपनी देईल त्या भावाने मुकाट्याने वीज घ्यायची, त्याऐवजी गावाने सगळ्यांच्या वतीने एकत्र भाव करायचा. तारा कंपनीच्याच, खांब कंपनीचेच, वादळात फांदी पडली की शिव्याही कंपनीलाच. फक्त वीज कुणाकडून आणि कितीला घ्यायची, ते गाव ठरवणार. ज्याला नको असेल त्याने तसं कळवायचं, बाकीचे आपोआप आत. शेजारची तीन गावं असं करून मोकळी झाली होती.

आल्टनचं घोडं त्या ‘आपोआप’वर अडलं होतं.

“मला न विचारता मला आत घेणार? मी काय मेंढरू आहे?” तो दुकानात, पोस्टात, दिसेल त्याला म्हणायचा. तसा तो कशालाच पहिल्या झटक्यात हो म्हणत नाही. अग्निशमन दलाच्या नव्या गाडीला त्याने विरोध केला होता, आणि मग त्याच गाडीवर मरमरून काम केलं. कुणीतरी नको म्हणणारं असलंच पाहिजे, नाहीतर गाव माजतं, असं त्याचं ठाम मत आहे.

जिलला मात्र हा ठराव जिवाभावाचा झाला होता, आणि त्याला कारण बर्निस, माझ्याबरोबर रांधणाऱ्या बायकांपैकीच एक. ठरावाची माहिती द्यायला घरोघरी हिंडताना जिल तिच्याकडे गेली, तर बर्निस स्वयंपाकघरात गॅसच्या ओव्हनचं दार उघडं टाकून अंगात कोट घालून बसलेली. बाकीच्या खोल्या बंद. बिलाच्या भीतीने विजेचे हीटर लावायची तिची छाती होत नव्हती. तेव्हा जिलने तिला सांगितलं, “पुढच्या हिवाळ्यात तू तुझ्या पलंगावर झोपशील. माझा शब्द.” बर्निसने हे सगळ्या गावाला सांगितलं, त्यामुळे आता जिलला मागे फिरायची सोय उरली नव्हती. ठराव यंदा पडला की पुढच्या मार्चशिवाय तो परत येणार नव्हता, म्हणजे बर्निसचा आणखी एक हिवाळा ओव्हनसमोर.

सभेच्या दिवशी नेमकं ऊन पडलं. रात्री गोठायचं आणि दिवसा वितळायचं, असे ते दिवस. मेपलच्या झाडांतून रस गळायला लागला होता. आमच्याकडे निम्म्या लोकांची तो रस आटवून पाक करायची गुऱ्हाळं आहेत आणि झाडाचा रस सभेसाठी थांबत नाही. जेवण झालं की हे लोक तोंड पुसत सुटणार, हे जिलला पक्कं ठाऊक. हे गुऱ्हाळवाले बहुतेक तिच्या बाजूचे होते आणि तिचा ठराव छापील यादीत शेवटून दुसरा होता. मग तिने डोकं चालवलं. उठून म्हणाली, “सभापती, वीज ठराव जेवणाआधी घ्यावा.” लोकांनी हो म्हटलं. गणिताची बाई, हिशोब पक्का होता.

फक्त त्या हिशोबात मी नव्हते. मी आणि माझ्या दहा जणी. अकराच्या अकरा जिलच्या बाजूच्या आणि अकराच्या अकरा आत स्वयंपाकघरात.

एरवी आम्ही वाढायच्या खिडकीतून सभा ऐकतो आणि मतदानाला बाहेर येऊन उभ्या राहतो. पण डोनट तळायला घेतले की गावातल्या पुरुषांना अचानक पाणी प्यायचं असतं, म्हणून त्या वेळी मी खिडकीचं शटर खाली ओढते. वीज ठराव जेवणानंतर आहे, हे यादीत छापलेलंच होतं. आम्ही निवांत होतो. वर धुराचा पंखा घरघरत होता आणि बीन्समध्ये मोहरीची पूड किती, यावर आमची जुंपली होती.

टेबलं मांडू का, हे विचारायला बर्निस बाहेर गेली आणि लगेच परत आली. दाराला टेकून उभी राहिली.

“पडला,” ती म्हणाली.

“कोण पडलं? हाड मोडलं का?”

“ठराव पडला, लोरेन. पाच मतांनी.”

मी हातातल्या डावासकट बाहेर गेले. जिममध्ये जिंकलेलेही फार खुश दिसत नव्हते. डेस्मंड, आमचा सभापती, व्यासपीठावर हातोडी चाचपत होता. सज्जन माणूस आहे, पण नियम म्हटला की त्याचं डोकं बंद होतं.

“डेस्मंड, अकरा बायका तुमच्यासाठी आत भाजून निघतायत आणि तू मत उरकून घेतलंस?”

“दारापाशी घंटा वाजवली होती, लोरेन.”

“पंख्याखाली उभं राहून ऐक बरं तुझी घंटा! परत घे मत.”

“तसं नाही घेता येत. निकाल जाहीर झाला. आता फेरविचार मागायचा तर जिंकलेल्या बाजूने मत दिलेल्या माणसानेच मागायला पाहिजे. हरलेल्यांना तो हक्क नाही. दरवर्षी सभेच्या सुरुवातीला मी हे वाचून दाखवतो.”

दरवर्षी वाचून दाखवतो, हे खरं. तेव्हा मी कांदे चिरत असते.

मी जिलकडे पाहिलं. ती तिसऱ्या रांगेत ताठ बसली होती, हात मांडीवर. चेहरा इतका पांढरा की मला भडभडून आलं. मी जवळ जाऊन म्हटलं, “अगं बोल ना काहीतरी.”

“काय बोलू? मीच पुढे आणला ठराव. तुम्ही आत आहात, हे मलाच सुचलं नाही.” मग हळूच म्हणाली, “बर्निस कुठेय? तिला आधी कुणीतरी घरी सोडा. तिला बाहेर येऊन सगळ्यांची तोंडं बघायला नको.”

हे ऐकून मात्र माझं टाळकं सरकलं. मी हॉलच्या मधोमध उभी राहिले आणि सांगून टाकलं, “जेवणाला वेळ आहे. बीन्स शिजले नाहीत.”

“वास तर मघापासून येतोय,” मागून कुणीतरी ओरडलं.

“वास शिजलाय. बीन्स नाही शिजले.”

“लोरेन,” डेस्मंड म्हणाला, “हा सभेवर दबाव आहे.”

“कसला दबाव? मी स्वयंपाकाविषयी बोलतेय. तुझ्या पुस्तकात बीन्सचा नियम असेल तर वाचून दाखव.”

लोक हसले, पण जागचं कुणी उठलं नाही. गुऱ्हाळवाले घड्याळाकडे बघत चुळबुळत होते. जेवल्याशिवाय त्यांच्याने जाववेना आणि रस तर तिकडे वाहत होता. माझ्या हातात फार वेळ नाही, हे मला कळत होतं. उपाशी माणूस थोडा वेळ गंमत सहन करतो, मग चिडतो.

मी सरळ आल्टनकडे गेले. तो नेहमीसारखा भिंतीकडच्या खुर्चीवर, टोपी गुडघ्यावर ठेवून बसला होता. जिंकलेल्या माणसासारखा मुळीच दिसत नव्हता.

“झालं समाधान?” मी म्हटलं.

“तू मला कशाला बोलतेस? मी माझं मत दिलं.”

“दे ना. जन्मभर दे. पण आज तू कुणाला हरवलंस माहितीये? तुझ्यासाठी डोनट तळणाऱ्या बायकांना. आणि त्यांना लढाई आहे हेसुद्धा माहीत नव्हतं.”

“किती जणी होत्या आत?”

“अकरा.”

“आणि ठराव पडला पाचाने.” त्याने टोपी उचलून दुसऱ्या गुडघ्यावर ठेवली. “सगळ्या जिलच्या बाजूच्या?”

“खोटं कशाला बोलू? सगळ्या.”

आल्टन गप्प बसला की आत काहीतरी दळलं जात असतं, त्याला घाई करून उपयोग नसतो. पण माझ्यात तेवढा धीर कुठला? मी तोंड उघडणार, तेवढ्यात जिल मागे येऊन उभी राहिली.

“डॅड, माझ्यासाठी उठू नकोस. तुला पटत नाही ना? मग नको. मी हरले, मला हरू दे.”

“तुझ्यासाठी कोण उठतंय?” आल्टन खेकसला आणि उठला.

गुडघे धरून सरळ व्हायला त्याला जरा वेळ लागतो. तेवढ्या वेळात सगळा हॉल त्याच्याकडे वळला.

“सभापती, मी विरुद्ध मत दिलं आणि जिंकलो. चाळीस वर्षांत तीनदाच जिंकलो असेन, तेव्हा मला त्याचं अप्रूप आहे. पण समोरची माणसं चुलीपाशी अडकलेली असताना जिंकणं म्हणजे झोपलेल्याशी कुस्ती खेळणं. फेरविचार करा. त्या बायकांना बाहेर बोलवा.” मग जिलकडे बोट करून म्हणाला, “आणि मी परत विरुद्धच मत देणार आहे. कुणाचा गैरसमज नको.”

फेरविचार करायचा का, यावर आधी मत झालं. त्यात जवळजवळ सगळी कार्डं वर गेली, काही न्यायासाठी आणि बरीचशी पोटासाठी. मी आत जाऊन पंखा बंद केला आणि ओरडले, “शेगड्या मंद करा आणि चला!” अकरा जणी अॅप्रनच्या खिशातून पिवळी कार्डं काढत बाहेर आलो. कार्डांना पीठ लागलेलं. बर्निस सगळ्यात पुढे होती. घरी जायला ती तयारच झाली नव्हती.

डेस्मंडने ठराव पुन्हा वाचला. बाजूने असलेल्यांनी कार्डं वर करा, म्हणाला. मी हात इतका ताणला की खांद्यात कळ आली. मग विरुद्ध असलेल्यांनी. आल्टनचं कार्ड सगळ्यांच्या आधी वर गेलं आणि सगळ्यांच्या नंतर खाली आलं. हात भरून आला तरी त्याने दुसऱ्या हाताचा आधार देऊन तो वर धरला होता. जिल त्याच्याकडे बघत होती आणि तिला हसू आवरत नव्हतं. डोळे पुसत हसत होती, वेडी.

ठराव सहा मतांनी मंजूर झाला. बर्निसने जिलला सगळ्यांसमोर अशी मिठी मारली की जिलच्या काळ्या कोटावर पिठाचे दोन पंजे उमटले. मला म्हणाल तर मी आत जाऊन जरा रडले आणि मग बीन्स एकदम शिजले.

वाढायला खिडकी उघडली, तेव्हा आल्टन रांगेत जिलच्या मागे उभा होता. दोघांच्या थाळ्या मीच भरल्या, म्हणून पुढचं बोलणं मला ऐकू आलं. नसतं आलं तर मी ऐकायचा प्रयत्न केलाच असता.

“डॅड, ऑगस्टमध्ये सुरू होईल,” जिल म्हणाली. “तुला बाहेर राहायचं तर एक फोन पुरे. मी स्वतः करीन तुझ्यासाठी, खरंच. अजिबात वाईट वाटून घेणार नाही.”

“कसला फोन?”

“तुला नको आहे ना ही वीज?”

आल्टनने थाळीतला हॅम एका बाजूला सारला आणि बीन्ससाठी जागा केली.

“मला नको होतं, ते मी सांगितलं. दोनदा सांगितलं, सगळ्यांनी मोजलं. आता गावाचं ठरलंय.” त्याने थाळी माझ्यापुढे धरली. “मी हरलोय, जिल. गाव सोडून नाही गेलो.”

जिलने त्याच्या भरलेल्या थाळीला खालून हात लावला आणि दोघं जाऊन बर्निसच्या टेबलावर बसली.