सहा पात्यांचा पंखा

"काकू, मोटर खरं म्हणजे दुरुस्त कोण करतं? काका की तुम्ही?"

विचारून टाकलं. भिंतीआड लपलेल्या माझ्या दोन मैत्रिणींचा श्वास अडकलेला मला इथपर्यंत ऐकू आला. पैज त्यांनीच लावली होती. धक्क्यावरच्या या दुकानात पुढे स्टुलावर काका बसतात, बोटीची मोटर ठेवून घेतात, "परवा या" म्हणतात, आणि मोटर पडद्यामागे जाते. परवा बाहेर येते ती गुणगुणत. काकांची नखं कायम स्वच्छ, काकूंची काळीकुट्ट. अख्ख्या धक्क्याला हे दिसत होतं, पण विचारायची टाप कोणाची नव्हती.

गेल्या वर्षापर्यंत माझीही नव्हती. हजेरी देताना माझा आवाज पुढच्या बाकापर्यंतसुद्धा पोचायचा नाही. मग वादविवादात एकदा बक्षीस काय मिळालं, आता बाबा येताजाता विचारतात, हिचं बंद करायचं बटण कुठे आहे.

काका हसायलाच लागले. "बावीस वर्षं वाट बघतोय, कोणीतरी विचारेल म्हणून," ते म्हणाले. अपघातानंतर त्यांच्या उजव्या हातात पाना टिकत नाही. तेव्हापासून गिऱ्हाईक ते सांभाळतात आणि मोटर काकू.

काकू लाजल्या नाहीत की चिडल्या नाहीत. "पैज जिंकलीस ना? आता खरं काम सांग."

खरं काम होतंच. बाबांची बोट रोज पलीकडच्या अकरा मुलींना शाळेत आणते. पंधरा दिवसांत ती तीनदा नदीच्या मधोमध बंद पडली होती. तिसऱ्यांदा तर आम्ही वाहत वाहत पार जुन्या गिरणीपाशी गेलो. सोमवारी बोट धड चालली नाही तर मुली दुसऱ्या बोटीने येतील, असं शाळेने बाबांना स्पष्ट सांगितलं होतं. आमचं घर चालतं ते या एका फेरीवर. म्हणून बाबांनी आज अकरा वाजता टेम्पो बोलावला होता. मोटर शहरातल्या मोठ्या वर्कशॉपला जाणार होती, तिसऱ्यांदा. तिथे काचेचं दार आहे, एकसारखे शर्ट घातलेली माणसं आहेत, आणि बाबांना त्या शर्टांचा भारी आदर.

तिथे आधी काय काय केलं, ते काकूंनी विचारलं. मी सांगितलं, पहिल्यांदा मोटर थंड ठेवायला पाणी ओढणारा रबरी पंखा बदलला. दुसऱ्यांदा बाहेरून पुसून दिली.

"जुना पंखा परत दिला?"

बाबा काही म्हणजे काही टाकत नाहीत. मी पळत बोटीवर गेले, बाकाखालच्या डब्यातून पंखा काढला आणि पळत परत आले. काकूंनी तो तळहातावर ठेवून फिरवला. सहा पात्यांचा पंखा, त्यातली दोन मुळापासून गायब.

"ही दोन कुठे गेली?"

"तुटली."

"तुटली ते दिसतंय मला. गेली कुठे?"

मी पंखा त्यांच्या हातून घेतला आणि तुटलेल्या जागी बोट फिरवलं. आणि मग डोक्यात लख्ख उजाडलं. ती दोन पाती मोटरच्या पोटातच होती, पाण्याची वाट अडवून बसलेली. पाणी पुरत नाही म्हणून मोटर तापून बंद पडायची, मग वर नवा पंखा घालून काय उपयोग? मोटरच्या मागून पाण्याची धार पडते ती हल्ली दोऱ्याएवढी झाली होती. मी रोज तिच्या शेजारी बसून बघत होते आणि कोणाला बोलले नव्हते.

काका-काकूंना घेऊन मी बोटीपाशी पोचले तोवर मोटर टेम्पोत चढली होती. मी आडवी उभी राहिले आणि एका दमात सगळं सांगितलं. बाबा काकांकडे वळले. "मिस्त्री, तुम्ही उघडून बघता का मग?"

"मला कशाला विचारता?" काका म्हणाले, आणि तेही चांगलं मोठ्याने. "हिला विचारा. इतकी वर्षं हीच उघडतेय."

धक्क्यावरच्या माना वळल्या. बाबा एकदा टेम्पोकडे, एकदा काकूंच्या नखांकडे बघत राहिले. दोर गुंडाळत बसलेली आई तेवढी पुढे आली. "वहिनी, किती वेळ लागेल?"

"सापडेपर्यंत."

मोटर खाली उतरली. काकू सवयीने दुकानाकडे वळल्या, आत नेऊ या म्हणाल्या. मी म्हटलं, काकू, इथेच बसा ना, उजेड चांगला आहे. त्यांनी एकदा दुकानाच्या पडद्याकडे बघितलं. मग धक्क्याच्या फळ्यांवर मांडी घातली आणि बाह्या वर सारल्या.

पहिलं पातं लगेच मिळालं. दुसरं मिळेना. टेम्पोवाला घड्याळ बघत होता, शहरात मशीन आहे, तिथे दोन मिनिटांत मिळालं असतं, असं चार वेळा म्हणाला. काकूंनी मान वर केली नाही. आणखी एक झाकण उतरवलं, टोक वाकवलेली तार आत सोडली आणि डोळे मिटले. लहान पोराच्या पायातला काटा काढावा तशी त्यांची बोटं चालत होती. तारेबरोबर नखाएवढा काळा तुकडा बाहेर आला. दोन्ही तुकडे त्यांनी जुन्या पंख्याला लावून बघितले. चपखल बसले.

"झाली सहा," त्या म्हणाल्या.

मोटर पाण्याच्या ड्रमला लावली. काकूंनी दोरी ओढली आणि धार निघाली ती करंगळीएवढी जाड, ड्रमच्या काठावरून थेट टेम्पोवाल्याच्या बुटांवर. मैत्रिणींनी शिट्ट्या मारल्या. आई फोनवर वेळ लावून बसली. अर्धा तास मोटर एकदाही अडखळली नाही, आणि तो अर्धा तास काका ज्याला त्याला सांगत फिरत होते की ती माझी बायको आहे. जसं काही कोणाला माहीतच नव्हतं.

मग ते दुकानात गेले, स्टुलावर चढून पडदा काढला आणि हात पुसायला काकूंना आणून दिला. काकूंनी सावकाश एकेक बोट पुसलं.

"न्यायची की नाही, एकदाच काय ते सांगा," टेम्पोवाला म्हणाला. बाबांनी आईकडे बघितलं. आईने माझ्याकडे.

"यापुढे मोटर काकूंकडे," मी म्हटलं. "आणि बाबा, आई, उद्या रविवार आहे. उद्यापासून मी काकूंकडे शिकायला बसणार. दोन वर्षांनी मोटर माझ्याकडे आणायची. तुम्हालासुद्धा मी 'परवा या' म्हणणार."