चोविसाव्या खुंटीवरचा झगा

मित्रांनो, मला मालक नाही. मी एक उसना झगा आहे. तपकिरी, पायघोळ, डोक्यावरची टोपी अंगालाच शिवलेली. फुजैराच्या समुद्राकाठी मातीच्या चार घुमटांची एक फार जुनी मशीद आहे. लोक तिला उस्मानी मशीद म्हणतात. ती तुर्कांच्या काळातली की उस्मान नावाच्या कुणा भल्या माणसाची, यावर गाइड अजून भांडतात. बघायला आलेल्या बाईचे हातपाय उघडे असतील, तर तिला झाकायचं आणि ती निघाली की खुंटीवर परतायचं, एवढंच माझं काम.

आम्ही चोवीस भाऊ एकाच ताग्यातून कापलेले. पहिल्या वर्षी बायका मला घालून हौसेने फोटो काढत. मग शिवण उसवली, पाठीवर उन्हाचे पट्टे उमटले. दारावरचे मोहिद्दीनभाई मला शेवटच्या खुंटीवर टांगू लागले. गर्दी झाली तरच माझा नंबर.

एप्रिलमधल्या एका शनिवारी तो लागला. दुबईतल्या करामाहून केनेथ आला होता, सोबत त्याची मुलगी लॅरिसा आणि वसईहून महिनाभरासाठी आलेली त्याची आई मिल्ड्रेड. मिल्ड्रेडच्या अंगात गुडघ्यापर्यंतचा फ्रॉक होता, म्हणून मी तिच्या अंगावर चढलो.

"मम्मी, गेटवर परत येईपर्यंत हा काढायचा नाही हां. इथले रूल्स कडक असतात."

"नाही रे बाबा काढत. सांगशील तर झोपेन पण ह्यातच."

मला खिसा नाही. तिचा फोन केनेथच्या बॅगेत राहिला.

आत चारही घुमट एकाच खांबावर उभे आहेत. मिल्ड्रेडने तो खांब चाचपला. "सगळं घर एकट्याच्या डोक्यावर, बिचारा!" केनेथ फोटो काढण्यात दंग होता. ती हळूच बाहेर पडली आणि मागच्या टेकडीवरच्या दोन बुरुजांपैकी लांबच्या बुरुजाकडे चढू लागली. तिला वरून समुद्र बघायचा होता.

बुरुजामागे तिचा पाय सुट्या दगडावरून सरकला. घोटा मुरगळला. उठता येईना. तिथे सावली नव्हती. तिने हाका मारल्या, वारा त्या डोंगराकडे घेऊन गेला.

खालचे शब्द मात्र वर येत होते. "लॅरिसा, ग्रॅनी कुठे आहे?"

"देअर, पापा. शी इज सिटिंग." तिने कट्ट्यावरचा एक तपकिरी झगा दाखवला. केनेथने मान डोलावली.

मित्रांनो, तो माझा भाऊ होता. त्याच्या आत भलतीच बाई होती. मला ओरडता आलं असतं तर!

अर्धा तास गेला. मिल्ड्रेडचे ओठ सुकले. मी नायलॉनचा, तव्यासारखा तापलेला. ती माझ्या गळ्याशी हात न्यायची आणि मागे घ्यायची. मुलाने बजावलं होतं ना.

अस्रच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजाच्या, अजानआधी मोहिद्दीनभाई खुंट्या मोजतात. सगळ्या भरल्याशिवाय फाटक लावत नाहीत. "बाईस खूँटी पर, एक उधर बैठी है, तेईस! एक झगा कम है."

"कोई घर ले गया होगा, भाई," केनेथ हसून म्हणाला. तेवढ्यात कट्ट्यावरची बाई टोपी मागे सारत उठली आणि त्याचं हसू तिथेच विझलं.

ते धावले, पण दुसऱ्या बुरुजाकडे. पावलं लांब चालल्याचं मिल्ड्रेडने ऐकलं. आता हाकही निघेना. तिने क्रूसाची खूण केली. "इथला देव आणि घरचा, दोघांनी माफ करा," असं पुटपुटत मला डोक्यावरून ओढलं. माझी बाही दगडात अडकून टर्रकन फाटली. तिने मला हवेत फडकवलं. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा हात वर जाईना.

"पापा! ब्राउन थिंग! अप देअर!"

मोहिद्दीनभाईंनी तिच्या डोक्यावर पाण्याची बाटली उपडी केली. केनेथने तिचा सुजलेला पाय मांडीवर घेतला. "मम्मी, एवढी भाजत होतीस तर आधी का नाही काढलास?"

"तूच बोललास ना."

मिल्ड्रेड घाईघाईने मला पुन्हा अंगावर घेऊ लागली, तेव्हा मोहिद्दीनभाईंनीच मला काढून घेतलं. "रहने दो, अम्मा. ऊपरवाला कपड़े नहीं गिनता. वो मेरा काम है."

मित्रांनो, माझी बाही अजून लोंबते आहे. कुणी दोन टाके घातले तर बरं होईल. पण कुणा म्हाताऱ्या माणसाला घेऊन इथे आलात, तर झग्याच्या भरवशावर राहू नका, हात धरून चाला. मला झाकता येतं. आत किती उकडतंय, ते मला सांगता येत नाही. ते तुम्हीच विचारायचं.